काचेला वेळ लागतो

सातपूरच्या गाळ्यात शटर अर्धं खाली ओढून
मी सात जुने कॉम्प्युटर रात्रपाळीला लावते.
त्यांना मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही.
विनय त्यांना बिनडोक म्हणतो.
तसं म्हणू नये. डोकंच तर आहे त्यांना.
नाही ते तोंड.

खैरनार सरांचा क्लास बंद झाला तेव्हा
अख्खी लॅब मी उचलली, टेम्पोभाड्यासकट साडेअकरा हजारांत.
सर म्हणाले, भंगारवाला किलोवर मागत होता,
तू नगावर घेतेस, यातच आलं.
डब्यांवर त्यांच्या हातचे आकडे अजून आहेत,
पांढऱ्या ऑइलपेंटचे. पाचच्या पोटावर
कुणीतरी कर्कटकाने कोरलंय : रोशन अधिक
आणि पुढचं नाव खरवडलेलं.
सहावर मी शिकले. ए एस डी एफ,
करंगळी ए वर, करंगळी उचलायची नाही.
वीज गेली की हात मांडीवर ठेवून बसायचं.

आता काम असं :
कळवणच्या बागुलांच्या मुलीचं लग्न.
सुरुवातीला त्यांना काचेचा महाल हवाय,
महालाच्या दारातून हत्ती, हत्तीच्या सोंडेत
दोघांची नावं.
चाळीस सेकंद. सेकंदाला पंचवीस चित्रं.
हजार चित्रं मी सातांत वाटते
रेशनसारखी, ज्याच्या त्याच्या कार्डाप्रमाणे.
दोनला जास्त, त्याची रॅम वाढवलीय.
सहाला सगळ्यांत कमी.

हत्ती लवकर होतो. हत्तीला काही नसतं.
काचेला वेळ लागतो.
प्रकाश आत शिरतो, मोडतो, मागच्या भिंतीवर आपटतो,
फिरतो, तर पुढे दुसरी काच,
आणि या म्हाताऱ्यांना प्रत्येक वळण मोजावं लागतं
पेरापेरावर.

डिसेंबर बरा. निफाडकडून गारठा येतो.
तिकडे द्राक्षबागांत रात्री शेकोट्या करतात
मणी तडकू नयेत म्हणून.
इकडे मी तीच थंडी शटरखालून आत घेते
डबे तापू नयेत म्हणून.
पंखे झोपेत दात खाणाऱ्या पोरांसारखे वाजतात.
विजेचं बिल मी बागुलांना सांगत नाही.

बुधवारी नऊच्या सुमाराला सर आले, कानटोपी घालून.
चहा नको म्हणाले आणि प्यायले.
सहावर उलटा हात ठेवून विचारलं,
काय करतोय हा?
सहाशे बारावं चित्र, सर.
काय आहे त्यात?
महालाचा कोपरा.
किती वेळ दिसेल लोकांना?
मी चुटकी वाजवायला गेले
आणि वाजवली नाही.
चुटकीसुद्धा मोठी पडली असती.

तीनला उठून बघते तर सहा थांबलेला.
दिवा चालू, पंखा मुका.
विनय सतरंजीवरूनच म्हणाला, त्याची उरलेली दोनला दे,
तासाभराचं काम.
द्यायलाच हवी होती.
शनिवारी मखमलाबाद रोडच्या लॉन्सवर
मोठ्या पडद्यावर लावायचं होतं.

मी झाकण उघडलं.
पंख्याच्या आसात शिलाई मशीनच्या तेलाचा
एक थेंब सोडला,
करंगळीने पातं ढकललं.
जरा विचार केल्यासारखा थांबला.
फिरला.

चार चाळीसला चित्र आलं.
मी मोठं करून पाहिलं.
कोपऱ्यातल्या काचेत हत्तीची सोंड, उलटी.
सोंडेत नावं, तीही उलटी, नखाएवढी.
बागुलांनी सांगितली नव्हती,
मी तिथे काढली नव्हती.
प्रकाश वळत वळत तिथवर गेला
आणि सहाने तो मध्ये सोडला नाही,
एवढंच.

शनिवारी लॉन्सवर महाल उगवला तेव्हा
निम्मे लोक आइस्क्रीमच्या रांगेत होते.
नवरीची मावशी साऊंडवाल्याशी भांडत होती.
मी खांबाला टेकून मनात आकडे म्हणत होते,
सहाशे नऊ, दहा, अकरा.

माझी पापणी लवली.